दुपारची लस

११ फेब्रुवारी १९४६, सोमवार

सायकल आली. कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावरून ताब्यात घेतली आणि दहिवलीपर्यंत हातात धरून आणली. चालवता येते, पण पहिल्याच दिवशी लोकांसमोर आपटायचं नव्हतं. लढाईत कुणीतरी वापरून झालेला माल आहे. हिरवा रंग, डाव्या पायडलला रबर नाही, घंटी आहे पण वाजत नाही. मागचा टायर मात्र जवळजवळ नवा. टायरला सध्या परवाना लागतो, त्यामुळे मी आधी त्यालाच हात लावून पाहिला.

इंदूने सायकलला हळदकुंकू लावलं. चेनला तेल हवं म्हटल्यावर म्हणाली, "रेशनचं त्याल हाय. भाजीत घालू का हिला, तुमीच ठरवा." शेवटी सायकललाच घातलं. भाजी उकडलेली खाल्ली.

आरोग्यखात्याच्या साहेबांनी रोजचे मैल लिहायला ही वही दिली आहे. मैल पुढून लिहीन, बाकीचं मागून. मागची पानं कोण बघतो?

काम काय, तर मी देवी काढणारा. लोक देवीडॉक्टर म्हणतात. डॉक्टर मी नाही, मराठी सातवी फायनल पास आहे आणि सहा महिने शिकलो आहे. पोरांच्या दंडावर चार ठिकाणी लस टोचायची, आठव्या दिवशी जाऊन फोड उठले का ते पाहायचं. उठले तर वहीत 'यशस्वी', नाही तर पुन्हा टोचायचं. ज्याला फोड उठला त्याला देवीच्या साथीची भीती नाही.

१३ फेब्रुवारी

माझ्याआधी हे काम आबाजी करायचे. बावीस वर्षं पायी. आज त्यांच्याकडून यादी घेतली. म्हणाले, "गावातली टोचनी सकाळची. वाडीला मातर सांजच्याला जायाचं, मुक्काम करायचा, पहाटं टोचायचं. मान्सं रानात जायाच्या आदी."

मी म्हणालो, "आबाजी, आता सायकल हाय. मुक्काम कशाला? जाऊन येऊन एका दिसात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला लागले. बावीस वर्षं चालल्यावर कुणी चाकावरून आलं की माणसाला आपले पाय फुकट गेल्यासारखे वाटत असणार. मी ते समजू शकतो.

खरं सांगायचं तर वाडीत झोपायची मला लाजच वाटते. आबाजी डोंगरातल्या ठाकर लोकांच्या अंगणात झोपत, त्यांच्या हातची पेज पीत. आमच्या आळीत त्यावरून अजून बोलतात. माझ्या बापाने भात विकून मला शिकवलं ते काही त्यासाठी नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी, तरी सायकल काढली. घरात सांगितलं, रस्ता बघून येतो.

उल्हास नदीच्या काठाने गाडीवाट आहे. दोन्हीकडे चाकोऱ्या, मध्ये गवताची पट्टी. चाकोरीत चाक गेलं की बाहेर निघत नाही, म्हणून गवतावरून चालवायची. पुढे पळसदरीच्या बाजूला खडी लागली. खडीवर हँडल घट्ट धरलं की पडतो, सैल धरलं की सायकल आपली वाट आपणच काढते. हे मला कुणी शिकवलं नाही, दोनदा पडून कळलं. उतारावर पाय उचलले आणि सोडून दिली. वाल काढणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या. नदीत पाणी गुडघाभर, तळातले गोटे दिसत होते. मी तिथे थांबून तोंड धुतलं आणि उगीचच बराच वेळ बसलो.

इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. हे इंदूने वाचू नये.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

माझी पहिली ठाकरवाडी, कळकवाडी, झाली. एका दिवसात एकतीस पोरं.

सकाळी दहिवलीची उरलेली चार टोचली, मग लशीची डबी आणि जेवणाचा डबा एकाच पिशवीत घालून पिशवी कॅरियरला आवळली. पळसदरीच्या पुढे रस्ता संपतो. मग ओढ्याची पात्रं, मग चढ. बारा वाजता पोचलो तर वाडीत दोन म्हातारे आणि कोंबड्या. सगळी माणसं रानात. सावलीला एक आंबा होता, तिथे स्वतः पडून राहिलो. सायकल उन्हातच राहिली, तिला काय होतंय. दोन-अडीचला एकेक जण मोळ्या घेऊन परत यायला लागलं.

पोरं पुढे करायला कुणी तयार नव्हतं. वाडीचा पुढारी लडकू मला आबाजींबद्दलच विचारत राहिला. शेवटी मंगळी नावाची एक बाई पुढे आली, कडेवर दोन वर्षांची पोर, जना. दोन सालांमागे तिचा मोठा मुलगा देवीने गेला. ती म्हणाली, "हिला काढ. माझी येवढी एकच हाय." इथे सगळ्यांना 'तू' म्हणतात, साहेबालाही म्हणत असतील. मंगळीचं बघून बाकीच्या बायका आल्या. मी भराभर टोचलं. जना रडली नाही, माझ्या टोपीकडे बघत राहिली.

परतताना जेवायला बसलो. इंदूने भाकरीवर लोण्याचा गोळा दिला होता. त्याचं तेल होऊन सगळ्या पिशवीला लागलेलं. भाकरी त्यात तरंगतेय, लशीची डबीसुद्धा चिकट. घरी येऊन बोललो तिला. असलं पातळ होणारं देऊ नये, निदान चटणी द्यावी. ती म्हणाली, "लोनी घट्टच व्हतं हो, सकाळी." असेल. पण खाणाऱ्याने दुपारी खायचं असतं.

बावीस मैल. आबाजींना याला दोन दिवस लागायचे.

६ मार्च, बुधवार

आठवा दिवस, कळकवाडीची पाहणी. पुन्हा दुपारी पोचलो, पुन्हा वाडी ओस. मोहाची फुलं पडायला लागलीत, त्यामुळे सगळी वाडी चार वाजेपर्यंत रानात, म्हाताऱ्याने सांगितलं. चार वाजेपर्यंत थांबलो असतो तर उतरायला अंधार. दिवा नाही सायकलला.

लडकूचा नातू होता तेवढा पाहिला. दंडावर खपली होती. बहुतेक फोडाचीच. काट्याने ओरखडली असेल असंही वाटलं, पण जागा तीच होती. दहिवलीची सगळी पोरं, आज सकाळी पाहिलेली चारसुद्धा, यशस्वी निघाली होती. त्याच पेटीतली लस, तोच हात, तीच टोचणी. म्हणजे इथलीही यशस्वीच.

एकतीस यशस्वी लिहिलं.

७ मार्च

काल लिहिलं ते बरोबरच असणार. तरी सकाळपासून दोनदा वही उघडून तो आकडा पाहिला.

२० मार्च

शिमग्याचा गोंगाट ओसरला. या महिन्यात आणखी तीन वाड्या केल्या, सगळ्या एका दिवसात जाऊन येऊन. पंक्चरं चार. टायरला आतून लावायला माझा एक जुना शर्ट फाडून ठिगळांच्या पेटीत ठेवला आहे.

पळसदरीला, इंजिनांसाठी रेल्वेने पाणी अडवलंय त्या बंधाऱ्याजवळ, लडकू आणि मंगळी भेटले. मोळ्या विकून परत चालले होते. मंगळी फार वाळली आहे. केस मोकळे, तेलपाणी नाही. वाण्याकडून लडकूने मीठ घेतलं होतं, तिने तिच्या वाटणीचं घेतलं नाही. विचारलं तर लडकू म्हणाला, "तिनं सोडलंय." हे लोक काहीबाही सोडतच असतात. लडकूच्या काखेत एक काळी कोंबडी होती. शिमगा संपला तरी यांची मौज चालूच, असं मनात आलं.

लडकू जरा घोटाळला, मग म्हणाला, "दागतर, येक इचारू? देवी समद्यांच्या अंगावर उठती का?"

असे प्रश्न विचारायला लागले म्हणजे लोक शहाणे होत चालले. मी सायकल स्टँडवर लावून नीट सांगितलं. म्हणालो, "उठते तर. पण माणूस साफ पाहिजे. अंग चांगलं, घर चांगलं, तिथं चांगली उठते."

मंगळीने जनाला पदराखाली घेतलं आणि चालायला लागली. नमस्कारही केला नाही. मला थोडं लागलं, कारण मी फार सोपं करून सांगितलं होतं.

३० मार्च, शनिवार

साहेबांचं कार्ड. दोन गोष्टी. एक, खालापूरकडे पाताळगंगेच्या काठी करंजगावला देवीची साथ आली आहे, चौदा आजारी, तीन गेले. गावात जाण्यायेण्याची मनाई आहे, पण पाळतो कोण. आपापल्या भागात कुणी राहिलं असल्यास टोचून घ्यावं. दोन, माझ्या वाड्यांचे यशस्वी आकडे सर्व भागांत सर्वांत चांगले आहेत, सायकलचा उपयोग झालेला दिसतो.

इंदूला दुसरी गोष्ट वाचून दाखवली. तिने पहिलीही वाचायला लावली.

१ एप्रिल, सोमवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

आज बाजारात दुसऱ्या एका वाडीची बाई भेटली. मार्चमध्ये तिची दोन्ही पोरं मी टोचली होती. पोरं बरोबर होती. दंड उघडून पाहिले. चार बारीक पांढरे ओरखडे, बस. फोड उठल्याची खूण नाही. दुसऱ्याच्या दंडावरही नाही.

तडक आबाजींकडे गेलो. लस खराब आली होती का, विचारलं. ते म्हणाले, "मंग दहिवलीला कशी उठली?"  मग त्यांनी विचारलं, "वाडीला टोचलं कवा?"

"दोन-अडीचला."

"आन तवर लस कुठं व्हती?"

मी सांगितलं. पत्र्याची डबी, पिशवी, कॅरियर, ऊन. सांगता सांगता मला भाकरीवरचं ते तेल आठवलं. आबाजी म्हणाले, "लस जिती आसती रं. उनात मरती. मी ओल्या फडक्यात गुंडाळून पोकळ भोपळ्यात घालून न्यायचो. पहाटं टोचायचो. मला काय त्यांच्या अंगनात झोपायची हौस व्हती?"

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं. म्हणाले, "सांगनार व्हतो. तू सायकलवर बसला व्हतास."

चार वाड्या. एकशे बारा पोरं. आणि सगळ्यांपुढे माझ्या हाताने यशस्वी लिहिलेलं. आठव्या दिवशी एक तरी दंड नीट पाहिला असता तर कळलं असतं. लस मेली ती चूक, पण वहीतलं ते खोटं. माझी नोकरी जाईल. ती एवढी भीती नाही, म्हणजे आहे, पण मंगळीचं 'माझी येवढी एकच हाय' दिवसभर कानात आहे.

आबाजी दारापर्यंत आले. म्हणाले, "नवी लस आन. दुसऱ्यांदा टोचावी लागती म्हनून सांग, टोच, मोकळा हो. कोन इचारतंय?"

तसंच करणार आहे.

३ एप्रिल, बुधवार, कळकवाडी

लडकूच्या ओटीवर बसून लिहितो आहे. अजून उजेड आहे.

कालच्या गाडीने नवी लस आली. ओल्या फडक्यात गुंडाळली, आबाजींनी त्यांचा भोपळा दिला, तो गळ्यात अडकवून ऊन उतरल्यावर निघालो. सायकल अर्धी वाट हातातच होती, भोपळ्याला धक्का नको म्हणून.

वाडी जमली. ठरवल्याप्रमाणे म्हणालो, "सरकारचा हुकूम हाय. दुसऱ्यांदा टोचावी लागती."

 मग एका बाईने तिच्या पोराचा दंड माझ्यापुढे केला. कोराच. मग दुसरीने. लडकूने नातवाचा केला. तीस पोरांचे दंड माझ्यापुढे आले आणि एकावरही खूण नव्हती. लडकू म्हणाला, "पुना टोचून काय व्हनार, दागतर? ती आमच्यावर उठतच नाय. आमी कोंबडी दिली, मीठ सोडलं. तूच म्हनालास ना, चांगल्या अंगावर उठती. आता आमचं अंगच चांगलं नाय तर तू तरी काय करशील?"

मी पोरं मोजली. जना नव्हती.

लडकू म्हणाला, "मंगळी गेली करंजगावला. शितळाईच्या ठान्याला. पोरीला पायरीवर घालनार, पदर पसरनार. म्हनते, माझ्या पोरीला का नाकारलंस ते सांग. शुक्करवार देवीचा, म्हनून शुक्करवारी सकाळी घालनार."

करंजगाव. मनाई असली तरी साथीतल्या सगळ्या गावांची माणसं आजारी पोरं घेऊन त्याच पायरीवर जात असणार.

मग मी सगळं सांगितलं. लस उन्हात मेली. माझ्यामुळे मेली. मेलेल्या लशीने कुणालाच फोड उठत नाही, साहेबाच्या पोरालाही नाही. त्या दिवशी बंधाऱ्यावर जे बोललो ते मला काही ठाऊक नसताना बोललो. आणि वहीत एकतीस यशस्वी लिहिले ते न बघता लिहिले. 

वाटलं, मारतील. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "म्हंजी देवीनं आपल्याला टाकलं नव्हतं?" शेजारीण म्हणाली, "नाय म्हनतोय तो." त्यावर म्हातारी खाली बसली आणि रडायला लागली. मी आजवर लोकांना घाबरवत आलो, समजावत आलो. कुणाच्या मनावर एवढं मोठं ओझं मीच ठेवलं आहे, हे मला माहीतच नव्हतं.

पहाटे टोचून लगेच निघायचं. इथून खोपोली, मग नदीकाठाने खाली. उद्या गुरुवार.

लडकूच्या बायकोने पेज दिली. प्यालो. चांगली होती.

४ एप्रिल, गुरुवार, रात्री घरी

पहाटे तीस पोरं टोचली. उजाडताना निघालो. लशीची उरलेली एक नळी भोपळ्यात, भोपळा छातीशी.

कळकवाडीपासून खोपोलीपर्यंत रस्ता म्हणावा असं काही नाही. डोंगराच्या पायथ्याने गुरांची वाट, दगड, वाळलेले ओढे. रोज मी खडीला शिव्या देतो, आज तिच्याकडे लक्षच गेलं नाही. बसता आलं तिथे बसलो, नाही तिथे सायकल खांद्यावर. खोपोलीच्या वीजघराजवळून नदी लागली. वरून सोडलेलं पाणी तिच्यात येतं, त्यामुळे इतर नद्या आटल्या तरी पाताळगंगा वाहते. काठाने बारीक खडीची पांढरी वाट, सावली, दोन्हीकडे भाजीचे मळे. एरवी मी इथे थांबलो असतो.

एका उतारावर पुढचं चाक गोट्यात अडकलं आणि मी भोपळा वर धरून पाठीवर पडलो. कोपर सोललं. पुढच्या टायरमधली हवा गेली. ठिगळ लावायला वेळ नव्हता, ऊन वर येत होतं. तशीच रिमवर चालवली. खडखड एवढी की मळ्यातली माणसं उठून उभी राहिली.

करंजगाव पलीकडच्या काठाला. अलीकडे एका करंजाखाली वाड्यांवरून आलेल्या पाच-सहा बाया शुक्रवारची वाट बघत बसलेल्या. मंगळी बाजूला उन्हात एकटी होती. जना तिच्या मांडीवर झोपलेली.

मी आधी म्हणालो, "परत चल. तिकडं साथ हाय."

"ठाव हाय."

"पोरीला होईल."

"देवीच्या दारात देवीचं भ्या?" ती म्हणाली. "मला तिच्याशी बोलायचं हाय. माझा ल्योक नेला. ही दिली तर हिच्या अंगावर उठंना. माझ्यात काय वंगाळ हाय ते तिनं सांगावं."

तिला काल वाडीत सांगितलं तेच सांगितलं. लस, डबी, ऊन, न बघता लिहिलेलं यशस्वी. तिने मध्ये एकदाही मान हलवली नाही. संपल्यावर म्हणाली, "मंग बंधाऱ्यावर लडकूला सांगितलंस ते?"

"ते खोटं. मला ठाऊक नव्हतं, तरी बोललो."

"कशाला?"

 मी म्हणालो, "मला वाटलं, मला समदं ठाऊक हाय."

ती पाण्यापलीकडे बघत बसली. देवळाकडून ढोल ऐकू येत होता.  मी मनात म्हणत होतो, नळी गरम होईल, नळी गरम होईल, आणि तिला घाई करायची हिंमत नव्हती. मग तिने जनाची बाही स्वतःच वर केली.

सायकल उभी करून तिच्यावर माझं मुक्कामाचं जादा धोतर टाकलं, त्या सावलीत टोचलं. यावेळी जना मोठ्यांदा रडली.

मंगळी नदी ओलांडून गेली नाही. मी फुटक्या टायरची सायकल ढकलत, ती पोरीला घेऊन, खोपोलीपर्यंत बरोबर चालत आलो. 

६ एप्रिल

साहेबांना पत्र टाकलं. एकशे बाराचे एकशे बारा खोटे होते, कळकवाडीचे एकतीस पुन्हा टोचले, बाकीचे टोचतो आहे, त्यानंतर काय करायचं ते करावं. इंदूने पत्र वाचलं. वाटलं, रडेल. म्हणाली, "ह्या खेपेला खरं लिवलंत." मग रात्रीच्या मुक्कामाला लागणारं घोंगडं काढून उन्हात टाकलं.

१० एप्रिल

दुसऱ्या वाडीवर मुक्काम. तिसरी कळकवाडीच्या पाहणीनंतर. करंजगावला आणखी दोघे गेल्याचं कळलं. मंगळीजवळ बसलेल्या बायांपैकी कुणी कुणी गेलं असेल का पलीकडे? मी त्यांना काहीच सांगितलं नाही, माझ्याजवळ एकच नळी होती. हा विचार डोक्यातून जात नाही.

आणि तो एक पोरीचा दंड. गुरुवारी ऊन किती वर आलं होतं? भोपळा ओला होता का? ओलाच होता. मी तीनदा पाणी मारलं होतं. पडलो तेव्हा फडकं निसटलं होतं का ते आठवत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

आठवा दिवस. कालच संध्याकाळी कळकवाडीला येऊन राहिलो, उजाडताच पाहणी केली. एकेकाला उजेडात आणून, दंड हातात धरून. तीस पोरं, अठ्ठावीस चांगली उठली. दोघांना पुन्हा टोचलं.

मंगळी आली नाही. मी तिच्या झोपडीपर्यंत गेलो. दाराशी उभा राहिलो आणि आत बोलवायची वाट पाहिली.  तीस दंड मी जीव मुठीत धरून पाहिले, पण या एकासाठी मी आठ रात्री नीट झोपलो नव्हतो.

तिने जनाला बाहेर आणलं. दंडाला हळदीचं फडकं होतं. मी सोडायला लागलो, गाठ सुटेना, तिनेच सोडली.

तीन फोड. मोत्यासारखे भरलेले, भोवती लाल कड. चौथा बारीक.

"उठली," मी म्हणालो. "चांगली उठली."

मंगळीने वाकून पाहिलं. बोट लावायला गेली, लावलं नाही. मला वाटलं, आता मला काही म्हणेल. ती माझ्याकडे वळलीच नाही. दारातच बसली, जनाला मांडीवर घेतलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिलाच म्हणाली, "महिनाभर तुला बोलले गं. माझ्या पोटी कशाला आलीस म्हनून बोलले. येकदा मारली बी."

जना फोडाकडे बघत होती.

"तुझं काय नव्हतं गं," मंगळी म्हणाली. "तुझं काय बी नव्हतं."

ती हेच म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात. पोरीला त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. मी दाराबाहेर मातीत बसलो आणि वहीत लिहिलं: जना, वय दोन, यशस्वी. मग लिहिलेलं तिच्या दंडाशी एकदा ताडून पाहिलं.